दोन मजली घोडी : कीबोर्ड-स्टँडच्या बांधणीचा एक अभ्यास

आपल्या वार्षिक अंकात आजवर कविता, प्रवासवर्णने, थोरांची चरित्रे आणि ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या जातीचे लेख पुष्कळ आले. लोखंडी पाइप कापून वाद्याचा स्टँड कसा बांधावा, यावर लेख आलेला माझ्या पाहण्यात नाही. संपादक मंडळातील सरांना मी भीतभीतच विषय सांगितला. ते म्हणाले, “जे स्वतः केलेस ते लिही, म्हणजे खोटे पडणार नाहीस.” त्या आधारावर हे धाडस करीत आहे. तांत्रिक शब्द आमच्या दुकानात बोलतात तेच ठेवले आहेत.

आरंभी थोडे स्वतःविषयी सांगणे भाग आहे, कारण या स्टँडचे माप माझ्या अंगावरूनच निघाले. मी द्वितीय वर्ष कला वर्गात भूगोल घेऊन शिकते. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. वडील (आम्ही त्यांना आप्पा म्हणतो) ग्रील, गेट आणि शटरची कामे करतात. पेटी मी गावच्या भजनी मंडळात शिकले. गेली दोन वर्षे यात्रा, लग्ने आणि गणेशोत्सवात कार्यक्रम करणाऱ्या एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवते. परीक्षेची फी, पुस्तके व जाण्यायेण्याचा खर्च त्या मानधनातून निघतो. रात्री-बेरात्री परतणे आईला पसंत नाही. आप्पा त्यावर काहीच बोलत नाहीत. फक्त मी येईपर्यंत दुकानाचा दिवा चालू असतो.

गेल्या चैत्रात एका गावच्या यात्रेत आमचा कार्यक्रम होता. मोकळ्या बॅरलांवर फळ्या टाकून स्टेज केले होते. माझे दोन्ही कीबोर्ड बाजारातून आणलेल्या, कातरीसारख्या उघडणाऱ्या स्टँडवर होते. वरच्या कीबोर्डासाठी त्याला दोन जादा हात जोडलेले असतात आणि प्रत्येक हात एकेका प्लास्टिकच्या मुठीने आवळलेला असतो. तिसऱ्या गाण्यात डावीकडची मूठ घसरली. वरचा कीबोर्ड आधी खालच्यावर आणि तिथून फळ्यांवर आपटला. ढोलकीवाल्या काकांनी ठेका सोडला नाही म्हणून गाणे कसेबसे तडीस गेले. चार पट्ट्या मोडल्या, पडदा फुटला. दुरुस्तीत दोन कार्यक्रमांचे मानधन गेले. ऑर्केस्ट्राच्या मालकांनी रागावून नव्हे, अगदी शांतपणे सांगितले, “गणपतीच्या आत स्टँडचा बंदोबस्त कर. नाहीतर आपण एका कीबोर्डावर भागवू.” एका कीबोर्डावर भागवायचे तर त्यांच्याकडे दुसरा मुलगा तयार होता, हे मला ठाऊक होते.

दोन कीबोर्ड हवेतच कशाला, असे कोणी विचारील. आपली पेटी जमिनीवर बसून वाजवायची, एका हाताने भाता आणि एका हाताने सूर. तिला स्टँड लागत नाही आणि तिचा आवाजही एकच. विजेच्या वाद्याचे तसे नाही. त्यातून बासरीही निघते, सनईही निघते आणि व्हायोलिनचा ताफाही निघतो. पण एका वेळी एका हाताखाली एकच आवाज सोयीचा. अंतऱ्याच्या शेवटी सनईवरून व्हायोलिनवर यायचे तर बटणे दाबण्यात एक मात्रा जाते आणि ती श्रोत्यांच्या कानाला लागते. म्हणून खाली भरण्याचे सूर आणि वर धून, अशी वाटणी करतात. ही युक्ती नवी नव्हे. चर्चमधील मोठ्या ऑर्गनला एकावर एक दोन-तीन स्वरपंक्ती शेकडो वर्षांपासून आहेत. १९५४ सालच्या ‘नागिन’ चित्रपटातील पुंगीचा प्रसिद्ध आवाज कल्याणजी यांनी क्लॅव्हिओलीन या विजेच्या वाद्यावर काढला होता. हे वाद्य १९४७ मध्ये फ्रान्समध्ये कॉन्स्टंट मार्टिन यांनी बनविले आणि त्याची छोटी स्वरपंक्ती पियानोच्या पट्ट्यांखाली अडकवून वाजविण्याची सोय होती. म्हणजे तेव्हाही एक वाद्य दुसऱ्याच्या आधारानेच उभे होते. पुढे १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स-७ आला. त्याच वर्षी निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडणारी मिडी ही पद्धतही आली, आणि एका वादकापुढे दोन-तीन वाद्ये रचणे ही सर्रास गोष्ट झाली. वाद्ये बदलली; त्यांना खांद्यावर घेणाऱ्या लोखंडाकडे मात्र कोणी फारसे पाहिले नाही, असे माझे मत आहे.

पडलेला स्टँड आप्पांनी दुकानात उघडझाप करून पाहिला. कातरीच्या स्टँडमध्ये उंची आणि पायांमधील अंतर एकमेकांना बांधलेले असते. उंच करावा तर पाय जवळ येतात आणि तो डुलतो. खाली घ्यावा तर पाय फाकतात व वादकाच्या गुडघ्यांत येतात. मी उंचीने चार फूट दहा इंच. मला तो खालीच घ्यावा लागे आणि नऊवारी नेसून कार्यक्रम असला म्हणजे पाय कुठे ठेवावा हा प्रश्नच असे. पण खरी गोम वरच्या मजल्याची होती. वरचे हात एका ठराविक अंतराच्या खाली येतच नव्हते. वरच्या पट्ट्या जमिनीपासून ४६ इंचांवर, म्हणजे जवळजवळ माझ्या खांद्याच्या रेषेत येत. दोन वर्षे मी पाटावर उभी राहून वाजवीत होते आणि मान दुखते ती अभ्यासाने, असे समजत होते.

“किती उंच पाहिजे?” आप्पांनी विचारले. मला सांगता येईना. त्यांनी मला भिंतीला पाठ लावून उभे केले, हात काटकोनात धरायला सांगितला आणि विचारले, “चप्पल घालून का बिनचपलंचं?” स्टेजवर मी अनवाणीच असते. कोपराची खूण त्यांनी खडूने केली. जमिनीपासून साडेछत्तीस इंच भरले. ओट्याची उंची घेताना घरच्या बाईचे कोपर मोजायचे हे त्यांना ठाऊक होते. कीबोर्ड त्यांनी ओट्याच्या हिशेबातच बसविला.

त्या मापावरून मी हिशेब मांडला. खालच्या पट्ट्या कोपरापेक्षा थोड्या खाली असाव्यात, म्हणजे मनगट मोडत नाही. म्हणून ३४ इंच. वरचा कीबोर्ड जितका खाली आणता येईल तितका चांगला. पण खालच्या पट्ट्यांवर हात मोकळा फिरायला किमान साडेतीन इंचांची पोकळी लागते. त्यावर आधाराच्या पाइपाचा एक इंच आणि वरच्या वाद्याची स्वतःची जाडी पावणेतीन इंच. सगळे मिळून वरच्या पट्ट्या सव्वाएकेचाळीस इंचांवर आल्या. म्हणजे जुन्यापेक्षा जवळजवळ पाच इंच खाली. वरचा मजला मागून उचलून सुमारे १२ अंश वादकाकडे कलविला, की बोटांना आणखी सोपे जाते. मग ते घसरू नये म्हणून पुढे अर्ध्या इंचाची ओठाळी द्यावी लागते.

रुंदीचा हिशेब वाद्य स्वतःच सांगते. पियानोच्या मापाची पांढरी पट्टी सुमारे साडेतेवीस मिलिमीटर रुंद असते. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डात ३६ पांढऱ्या, म्हणजे ८४६ मिलिमीटर. दोन्ही बाजूंची पेटी धरून माझी दोन्ही वाद्ये साधारण ३८ इंच लांब आहेत. आधाराचे खांब २८ इंचांवर ठेवले, म्हणजे दोन्हीकडे पाच-पाच इंच बाहेर राहतात.

खोलीचा प्रश्न मात्र अवघड होता आणि त्यावर आमचे दोन दिवस वादविवाद झाले. वरचा कीबोर्ड मागे सारावा तर खालच्याची बटणे दिसतात, पण हात लांबवावा लागतो. पुढे आणावा तर बटणे झाकली जातात. मी शेवटी निम्मी बटणे झाकू दिली. कार्यक्रमात लागणारे आवाज आधीच साठवून ठेवता येतात, खांदा साठवून ठेवता येत नाही. वरच्याची पुढची कड खालच्याच्या कडेपासून सव्वासहा इंच मागे, इतके ठरले.

आता पहिल्या स्टँडची कथा. ती माझ्या हिशेबाच्या अलीकडची आहे आणि सांगितली नाही तर लेख अप्रामाणिक होईल. मी कागद-पेन्सिल घेऊन बसले असताना आप्पांनी एका रात्रीत दीड इंची पाइपाचा एक सांगाडा जोडून टाकला. सकाळी पाहिले तर तो गेटासारखा होता. “गेटावर पोरं लोंबकळत्यात, तुजी पेटी काय जड हाय?” असे त्यांचे म्हणणे. तो हलत नव्हता हे खरे. पण भंगाराच्या काट्यावर तो बावीस किलो भरला आणि सगळा एकसंध वेल्ड केलेला असल्यामुळे टेम्पोत आडवा जाईना, उभा राहीना. मला तो उचलता आला नाही. आप्पांनी तो न बोलता भिंतीशी लावून ठेवला. आता त्यावर पाइप कापतात. कार्यक्रम संपल्यावर रात्री एक वाजता तो कोण उचलणार, हा प्रश्न बांधणीच्या पहिल्याच ओळीत लिहायला हवा होता.

दुसऱ्या वेळी अट घातली : एकूण वजन अकरा किलोंच्या आत, कोणताही तुकडा तीन फुटांहून लांब नाही, आणि मी एकटीने पाच मिनिटांत उभा करीन. भूगोलाच्या प्रात्यक्षिकात आलेख-कागदावर प्रमाण घेऊन नकाशे काढतो, तसा मी एकास दहा प्रमाणात बाजूचा व समोरचा आराखडा काढला. आप्पा कागदावरून काम करीत नाहीत. त्यांनी तो पाहून फरशीवर खडूने खऱ्या मापाचे चित्र काढले आणि पाइप त्यावर ठेवून ठेवून खुणा केल्या.

रचना थोडक्यात अशी. दोन बाजूंना दोन चपट्या चौकटी. प्रत्येकीत जमिनीवर बावीस इंचांचा पाय. त्याच्या मागच्या टोकापासून साधारण नऊ इंचांवर ३१ इंच उंचीचा सव्वाइंची खांब. खांबाच्या माथ्याशी पुढे आलेला पंधरा इंचांचा हात, आणि त्याच्याखाली दहा इंचांचा तिरका टेकू. खांब पोकळ. त्यात एक इंची पाइप वरून सरकतो आणि त्याच्या डोक्यावर तेरा इंचांचा कललेला वरचा हात. दोन्ही चौकटींना २८ इंचांचे दोन आडवे पाइप जोडतात. एक इंची, सोळा गेजचा सगळा पाइप मिळून अठरा फूट लागला. पाइपाची नळी वीस फुटांची येते, त्यामुळे एकीतच काम भागले. सव्वाइंची पाच फुटांहून थोडा अधिक आणि तीन मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी सहा फूट. (स्वराचीही पट्टी आणि लोखंडाचीही पट्टी, यामुळे दुकानात आमचा बराच गोंधळ झाला.)

दोन खांब आणि दोन आडवे यांचा आयत होतो आणि आयत बाजूला ढकलला तर झुकतो. त्याच्या बाजू तेवढ्याच राहतात, कोन मात्र बदलतात. त्रिकोणाचे तसे होत नाही, म्हणून आयतात कर्ण घालायचा. आडव्या पाइपांमधले अंतर मी मुद्दाम २१ इंच ठेवले. २८ आणि २१ चा कर्ण बरोबर ३५ येतो. ही हुशारी मी आप्पांना सांगितली तर ते हसले. तीन-चार-पाचने गवंडी पाया आखतो, आणि ही त्याचीच सातपट आहे, हे त्यांनी बोटांवर मोजून दाखविले. दोन्ही कर्ण मोजून सारखे आले की चौकट काटकोनात आहे, मग गुण्या लावून पाहण्याची गरज नाही.

सोळा गेजचा पाइप म्हणजे जेमतेम १.६ मिलिमीटर जाडी. गेटाच्या कामाचा रॉड लावला तर भोक पडते. अडीच मिलिमीटरचा रॉड आणि ६०-६५ अँपियर एवढ्यावर काम करावे लागले. आधी सर्व सांध्यांना फक्त टाके. मग मापे तपासून, एकदा इकडे एकदा तिकडे अशी आलटून-पालटून वेल्डिंग. एका बाजूने सलग ओढली तर थंड होताना लोखंड त्या बाजूला आखडते. आमचा एक हात असाच पाव इंच वर गेला होता. तो सरळ करताना आप्पांनी मला लांब उभे केले.

तरीही दुसरा स्टँड पहिल्या फटक्यात जमला नाही. सव्वाइंची पाइपाच्या आतले माप जवळजवळ २९ मिलिमीटर, आणि आत सरकणारा पाइप २५ चा. चार मिलिमीटरचा खेळ. शिवाय मी आतला पाइप तेराच इंच कापला होता, त्यातला चार-साडेचार इंचच आत बसला. ते चार मिलिमीटर वरच्या हाताच्या टोकाला गेल्यावर बोटभर झाले आणि वरचा मजला बोट लावताच मान डोलवू लागला. चूक माझ्या आराखड्याची होती. आतला पाइप वीस इंचांचा कापला, म्हणजे अकरा इंचांहून अधिक आत राहतो. त्याच्या लगतच्या दोन अंगांना लोखंडी पट्टीचे तुकडे चिकटवून खेळ एक मिलिमीटरच्या आत आणला आणि समोरच्या अंगाने बोल्ट दाबला.

पण यात्रेतला अनुभव विसरता येत नव्हता. दाबलेला बोल्ट किंवा आवळलेली मूठ हे दोन्ही घर्षणावर उभे असतात, आणि ढोलकी-ड्रमच्या हादऱ्यांनी घर्षण सुटते. म्हणून दोन्ही पाइपांतून आरपार भोक पाडून आठ मिलिमीटरची खीळ घातली. आता बोल्ट फक्त डुलणे थांबवितो, वजन खिळीवर आहे. बोल्ट विसरले तरी कीबोर्ड पडणार नाही. इंच-इंच अंतरावर अशी तीन भोके आहेत.

तोल पाहण्यासाठी ओळंबा लावला. खालचे वाद्य सात किलो, वरचे साडेपाच, स्टँड साडेदहा. तिन्हींच्या वजनाचा मध्य हिशेबाने पायाच्या पुढच्या टोकापासून दहा इंचांवर येतो आणि पाय बावीस इंचांचा. म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे भरपूर जागा आहे. आप्पांची परीक्षा वेगळी होती. त्यांनी वरच्या हातांवर फळी टाकून पंधरा किलो लोखंडाचे तुकडे रात्रभर ठेवले आणि सकाळी दोरा धरून वाक पाहिला. मग आडवा धक्का देऊन म्हणाले, “आता तू ढकल.”

फळ्यांचे स्टेज सपाट नसते. तीन पायांची वस्तू कुठेही डगमगत नाही, पण ती लवकर कलंडते. म्हणून पाय चारच ठेवले आणि एका पायाखाली नट वेल्ड करून बारा मिलिमीटरचा बोल्ट फिरता ठेवला. तो दोन आटे खाली सोडला की स्टँड जागच्या जागी बसतो. पायांना आणि हातांना सायकलच्या ट्यूबचे रबर.

रेडऑक्साइड व काळा रंग देऊन तालमीला नेला तेव्हा निराळेच घडले. खालच्या सप्तकातल्या एका सुरावर स्टँड स्वतःच झणझणू लागला. तोच सूर, तीच झणझण. बाकीच्या सुरांवर शांत. जिथे दोन तिरक्या पट्ट्या एकमेकींवरून जातात तिथे त्या बारीक अंतराने लोखंडावर लोखंड वाजत होत्या. मध्ये रबराची चकती घालून बोल्ट आवळला आणि झणझण गेली. सतारीच्या तारा जिच्यावरून जातात तिला घोडी म्हणतात आणि सुतार ज्यावर लाकूड कापतो तोही घोडाच. आप्पांनी या स्टँडला पहिल्या दिवसापासून ‘घोडी’च म्हटले होते, त्या दिवशी ते नाव मला पटले.

गणेशोत्सवातल्या आठ कार्यक्रमांत घोडी माझ्याबरोबर होती. पाचव्या दिवशी पावसाने फळ्या फुगल्या आणि मला चौथा बोल्ट दोनदा फिरवावा लागला. पाट मी नेला नाही. उभा करायला पाच नव्हे, सात मिनिटे लागतात, कारण खिळी अंधारात सापडत नाहीत. त्यांना आता सुतळीने बांधले आहे. मालकांनी स्टँडविषयी काही म्हटले नाही, फक्त नवरात्राच्या तारखा सांगितल्या.

दसऱ्यानंतर शेजारच्या गावच्या बेंजो पार्टीतला एक वादक दुकानात आला. “तुमच्या पोरीची हाय तशीच करून द्या,” म्हणाला. आप्पांनी त्याला भिंतीला पाठ लावून उभे केले आणि खडू माझ्या हातात दिला. त्याचे कोपर साडेबेचाळीस इंचांवर भरले. माझा आराखडा त्याला चालण्यासारखा नव्हता; आलेख-कागद घेऊन नवा काढायला बसले.